पायरी पायरीने परिचारिका



गावात बाळंतपण आले, मुलाला लस टोचायची वेळ आली, की आपण म्हणतो, "सिस्टरला बोलवा." उपकेंद्रात असते ती सिस्टर. डहाणूच्या सरकारी रुग्णालयात खाटाखाटांमधून फिरते तीही सिस्टर. खाजगी दवाखान्याच्या दारात बसून आपले नाव पुकारते, तिलाही आपण सिस्टरच म्हणतो.

आपल्या तोंडी शब्द एक आहे. पण या तिघींचे शिक्षण एक नसते. कामही एक नसते. कायद्याच्या दृष्टीनेही त्या सारख्या नसतात. हा फरक आईबापांना ठाऊक नसला, तर मुलीची वर्षे वाया जातात आणि घरचा पैसाही जातो. म्हणून हा धडा नीट वाचा. घरात मुलगी शिकत असेल, तर तिलाही वाचून दाखवा.

तीन जणी, तीन कामे

पहिली आहे मदतनीस. तिला आया किंवा मावशी म्हणतात. अलीकडे रुग्ण-सहायक असेही म्हणतात. ती रोग्याला उठवते, बसवते, अंग पुसते, चादर बदलते. हे काम मोलाचे आहे. पण ती परिचारिका नव्हे.

दुसरी आहे सहायक परिचारिका प्रसाविका. नाव लांबलचक आहे, म्हणून लोक तिला एएनएम म्हणतात. सहायक म्हणजे मदत करणारी. परिचारिका म्हणजे रोग्याची शुश्रूषा करणारी. प्रसाविका म्हणजे शिकलेली सुईण. उपकेंद्रातली आपली सिस्टर बहुधा हीच असते. सरकारी कागदात तिला आरोग्य सेविका म्हणतात. तिचे शिक्षण दोन वर्षांचे असते.

तिसरी आहे पूर्ण शिकलेली परिचारिका. तिच्या शिक्षणाला लोक जीएनएम म्हणतात. ते तीन वर्षांचे असते. मोठ्या रुग्णालयात रोग्यांचा सारा भार तिच्यावर असतो. सरकारी रुग्णालयात तिला अधिपरिचारिका म्हणतात.

दुसरी आणि तिसरी, या दोघींची नावे सरकारमान्य नोंदवहीत असतात. पहिलीचे नाव त्या वहीत नसते. एवढा एक फरक ध्यानात ठेवला, तरी अर्धा धडा समजला म्हणायचे.

हे छोटे शिक्षण का निघाले?

स्वातंत्र्याच्या आधी १९४३ साली सरकारने एक समिती नेमली. सर जोसेफ भोर तिचे अध्यक्ष होते. देशातल्या लोकांच्या आरोग्याची स्थिती काय आहे, हे त्या समितीने पाहिले. १९४६ साली तिने अहवाल दिला. त्यात आकडा होता, की देशात परिचारिका आहेत सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक!

विचार करा. वाढवण, वरोर, चिंचणी आणि आसपासची कितीतरी गावे मिळून एक परिचारिका. तीही गावात नव्हे, शहरात. मग खेड्यातल्या बाईचे बाळंतपण कोण करणार? गावची सुईण करायची. तिच्या हाताला अनुभव होता. पण जंतू म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवले नव्हते. बाळाची नाळ कापायचे पाते उकळून घ्यायचे असते, हेही सांगितले नव्हते.

पूर्ण शिकलेल्या परिचारिका एकदम हजारोंनी कुठून आणणार? म्हणून १९५० च्या सुमारास असे ठरले, की शिक्षणाच्या दोन पायऱ्या करायच्या. एक पूर्ण परिचारिकेची. दुसरी कमी मुदतीची, खेड्यातल्या कामासाठी. पंजाबात तरनतारन येथे १९५१ साली एका रुग्णालयात या दुसऱ्या शिक्षणाचा पहिला वर्ग निघाला. मग तो देशभर पसरला.

१९७३ साली कर्तारसिंग समितीने आणखी एक गोष्ट सुचवली. एका रोगासाठी एक माणूस, दुसऱ्यासाठी दुसरा, असे नको. गावात एकाच सेविकेने आई, मूल, लस, ताप असे सगळे पाहावे. आजची आरोग्य सेविका त्यातूनच आली.

अमेरिकेतही अशा दोन पायऱ्या आहेत. तिथे धाकटीला प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. ती साधारण एक वर्ष शिकते, कामाला लागते, आणि पुष्कळ जणी पुढे शिकून मोठी परीक्षा देतात. म्हणजे पायरीपायरीने चढणे ही काही गरिबाघरचीच रीत नाही.

उपकेंद्रातली सिस्टर काय करते?

सरकारचा नियम असा, की सपाटीच्या मुलखात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावे. आदिवासी व डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक असावे. डहाणू आणि तलासरी हे आदिवासी तालुके. तिथे पाडे दूर दूर असतात. म्हणून हा नियम.

सिस्टर गरोदर बाईचे वजन करते. तिचा रक्तदाब मोजते. रक्त तपासते. रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. गरोदर बाईत तो ११ च्या खाली गेला, तर अंगात रक्त कमी आहे असे समजतात. ७ च्या खाली गेला, तर जिवाला धोका. अशा बाईला सिस्टर रुग्णालयात पाठवते. एरवी ती लोहाच्या गोळ्या देते. गरोदरपणात रोज एक, अशा निदान १८० गोळ्या घ्यायच्या असतात.

मूल जन्मले, की ती त्याचे वजन करते. अडीच किलोच्या आत भरले, तर त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवते. जन्मल्यावर क्षयाची लस. मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी पुढच्या लशी. नऊ महिने झाले, की गोवराची लस. ही लस थंड ठेवावी लागते. २ ते ८ अंशांच्या मध्येच. फार तापली तर निकामी. काही लशी गोठल्या तरी निकामी. म्हणून सिस्टर बर्फाच्या पेटीतून लस आणते. मे महिन्याच्या उन्हात ती पेटी खांद्याला लावून पाड्यापाड्यावर जाणे, हे काही बैठे काम नव्हे.

हे सगळे ती वहीत लिहिते. कोणाला काय दिले, कोणत्या तारखेला दिले, कोण राहिले. ती वही नसती, तर राहिलेले मूल कोणाच्या ध्यानात आले असते?

आणखी एक गुण तिच्यात लागतो. आपले काम कुठे संपते, हे तिला कळले पाहिजे. बाळंतिणीचे रक्त थांबेना, किंवा रक्तदाब फार चढला, झटके आले, तर जे उपाय शिकवले असतील ते ताबडतोब करायचे, १०८ ची गाडी बोलवायची आणि बाईला मोठ्या रुग्णालयात पोचवायचे. उशीर करायचा नाही.

एका घरातले बोलणे

समजा, वाढवणातले एक घर आहे. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहे. आई मासळी विकते. मुलगी अठरा वर्षांची. बारावी कला शाखेतून पास झाली. इंग्रजीत पास आहे. तिला सिस्टर व्हायचे आहे. संध्याकाळी उपकेंद्रातली सिस्टर धाकट्याच्या लशीचे सांगायला घरी आली. तेव्हा बोलणे निघाले.

आजी म्हणाली, "बाई, आमच्या पोरीला परक्यांची घाण काढायला पाठवू काय? लोक काय म्हणतील?"

सिस्टर हसली. "आजी, तुमच्या नातवाची नाळ मीच कापली ना? तेव्हा लोक काय म्हणाले?"

आजी गप्प झाली. मग हळूच बोलली, "देवासारखी आलीस, म्हणाले."

आई म्हणाली, "सिस्टर, तसे नाही. पोर शिकायला तयार आहे. पण तीन वर्षे घालायची आमची ऐपत नाही. हे एकटे कमावणारे. पावसाळ्यात होडी किनाऱ्याला. तेव्हा चूल कशी पेटते, ते आमचे आम्हाला ठाऊक."

"म्हणूनच सांगते," सिस्टर म्हणाली. "आधी दोन वर्षांचे एएनएम करता येते. मग नोकरी. मग जमेल तेव्हा जीएनएम. मी तसेच करणार आहे. पण ताई, एक खरे सांगू? तिला सरळ जीएनएमला जागा मिळत असेल, आणि घर तीन वर्षे दम धरू शकत असेल, तर सरळ तिकडेच पाठवा."

मुलगी म्हणाली, "का हो? दोन वर्षे एएनएम केले, की जीएनएमचे एकच वर्ष राहील ना?"

"नाही गं. तिथेच सगळ्यांची चूक होते. एएनएमची दोन वर्षे जीएनएममधून वजा होत नाहीत. जीएनएमला गेलीस, की पुन्हा पहिल्या वर्षापासून तीन वर्षे. दोन आणि तीन मिळून पाच."

बाप इतका वेळ जाळे शिवत बसला होता. त्याने मान वर केली. "मग दोन वर्षे पाण्यातच गेली की!"

"दादा, तुम्ही होडीवर पहिल्यांदा गेलात, तेव्हा तांडेल म्हणून गेलात काय?"

"छे! खलाशी म्हणून. जाळे ओढायला."

"मग तांडेल व्हायचे असेल, तर ती वर्षे फुकट गेली म्हणाल?"

बाप थोडा थांबला. "फुकट कशी? पाणी कळले, वारा कळला. आणि घरात दोन पैसे येत होते."

"तसेच हे," सिस्टर म्हणाली.

हिशेब मांडून पाहू

आता आपण पाटीवर हिशेब मांडू.

सरळ वाट. मुलगी अठराव्या वर्षी जीएनएमला गेली. तीन वर्षे शिकली. एकविसाव्या वर्षी परिचारिका झाली.

पायरीची वाट. अठराव्या वर्षी एएनएमला गेली. विसाव्या वर्षी पास झाली. समजा, तीन वर्षे नोकरी केली. तेविसाव्या वर्षी जीएनएमला गेली. सव्विसाव्या वर्षी परिचारिका झाली.

म्हणजे पायरीच्या वाटेने पाच वर्षे उशीर झाला. हे लपवायचे कारण नाही. पण त्या पाचांपैकी तीन वर्षे तिने कमावले. पुढच्या शिक्षणाचा खर्च स्वतः जमवला. धाकट्या भावाची शाळा सुटली नाही. आणि बाळंतपण, लस, रक्तदाब हे सारे तिच्या हाताखालून गेले. जीएनएमच्या वर्गात ती कोरी पाटी घेऊन बसणार नाही.

पगाराचाही हिशेब पाहा. २०२३ साली जिल्हा परिषदांनी भरती केली. तेव्हा आरोग्य सेविकेची मूळ पगाराची श्रेणी महिना २५,५०० रुपयांपासून सुरू होत होती. त्याच साली राज्याच्या सरकारी रुग्णालयांच्या भरतीत अधिपरिचारिकेची श्रेणी ३५,४०० रुपयांपासून होती. दर महिन्याला जवळजवळ दहा हजारांचा फरक. म्हणून पहिल्या पायरीवर कायमचे बसून राहू नये. मात्र हे पगार कायम नोकरीचे. कंत्राटी नोकरीत आणि खाजगी दवाखान्यात पुष्कळदा याहून फार कमी मिळतात. नोकरीही लगेच मिळेल असे नाही. हे आधी जाणून घ्यावे.

पुढची पायरी कशी चढायची?

एएनएमला जायला बारावी पास लागते. शाखा कोणतीही चालते. वय १७ ते ३५. हे शिक्षण फक्त मुलींसाठी आहे. पहिल्या वर्षी गावाचे आरोग्य, आहार, स्वच्छता, साधे आजार आणि लहान मुलांची काळजी शिकवतात. दुसऱ्या वर्षी बाळंतपण आणि आरोग्य केंद्राचा कारभार शिकवतात. शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष काम असते.

जीएनएमला बारावीला इंग्रजी लागते आणि निदान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखा असेल तर अधिक बरे. पण कला शाखेच्या मुलीलाही जाता येते. मुलगेही जाऊ शकतात. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयातून बारावी झालेली असेल, तरी चालते. म्हणजे शाळा मध्येच सुटली, लग्न झाले, तरी वाट बंद होत नाही.

आणि नोंदणी झालेल्या एएनएमलाही जीएनएमला जाता येते. ती एएनएमची परीक्षा पास झालेली हवी. आणखी एक सोय आहे. जीएनएमला इतरांना ३५ वर्षांची मर्यादा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात नोंदलेल्या एएनएमला ही वयाची अट नाही. मुले मोठी झाल्यावरही ती शिकायला जाऊ शकते.

तिथे काय नवे शिकवतात? शरीराची रचना, जंतूंचे शास्त्र, मोठे आजार, शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची शुश्रूषा, मनाचे आजार. रुग्णालयात रात्रपाळी करावी लागते. हे शिक्षण पूर्ण वेळचे आहे. घरी बसून किंवा टपालाने होत नाही. नोकरीत असलेल्या एएनएमने आधी वरिष्ठांना लेखी विचारावे, रजेचे नियम समजून घ्यावेत, मगच प्रवेश घ्यावा.

जीएनएमनंतरही वाट आहे. दोन वर्षे शिकले, की नर्सिंगची पदवी मिळते. ज्या मुलीने बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेतले असेल, ती बारावीनंतर सरळ चार वर्षांच्या पदवीलाही जाऊ शकते. म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच विचार करावा.

सावध असा!

आता या धड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

बाजारात पाट्या लागतात. "सहा महिन्यांत नर्स व्हा. दहावी नापासही चालेल. नोकरीची हमी." आईबाप भुलतात. दागिना गहाण ठेवतात, फी भरतात. सहा महिन्यांनी मुलीच्या हाती रंगीत कागद येतो. त्यावर सोनेरी शिक्का असतो. पण तो कागद घेऊन सरकारी नोकरीला गेले, तर कारकून विचारतो, "नोंदणी क्रमांक कुठे आहे?" तो नसतोच.

पी हळद आणि हो गोरी, असे कुठल्याही विद्येत होत नाही. मग जिथे माणसाचा जीव हाती असतो, तिथे कसे होईल?

मदतनिसाचे छोटे शिक्षण घ्यायला हरकत नाही. त्यावर मदतनिसाचे काम मिळते. पण ती परिचारिकेची पहिली पायरी नव्हे. त्यावरून जीएनएमला जाता येत नाही. एखादी मुलगी दवाखान्यात दहा वर्षे काम करून सुई टोचायला शिकली, तरी तिचे नाव नोंदवहीत येत नाही. उद्या काही वाईट घडले, तर ती एकटी सापडते.

म्हणून फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा.

एक. शाळेला मान्यता आहे काय? महाराष्ट्रात एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षेसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ आहे. शाळेचे नाव त्यांच्याकडे आहे का, ते पाहा. मान्यतेचा कागद मागा. त्यावरचे वर्ष वाचा. जुन्या वर्षाचा कागद असेल, तर पुन्हा विचारा.

दोन. शिक्षणाची मुदत किती? एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे. कोणी कमी सांगत असेल, तर उठून यावे.

तीन. शिकायला रुग्णालय कोणते? खाट नाही, रोगी नाही, तिथे परिचारिका तयार होत नाही. पोहणे काही किनाऱ्यावर बसून येत नाही.

चार. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदले जाईल काय? ही परिषद मुंबईत आहे. १९६६ च्या कायद्याने तिचे काम चालते. तिच्या नोंदवहीत नाव आले, की क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजेच खरी विद्या पदरात पडल्याची खूण. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, हेही विसरू नये.

उत्तरे तोंडी घेऊ नका. कागदावर घ्या. आता तुम्हाला वाचता येते. वाचा, न समजले तर विचारा, आणि मगच सही करा. पैसे दिले, तर पावती घ्या. खात्री करायची असेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात जाऊन विचारा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तेव्हापासून ही कार्यालये पालघरलाच आहेत. ठाण्यापर्यंत जावे लागत नाही.

मुलगी आदिवासी किंवा मागास जातीची असेल, तर जातीचा दाखला आणि जात वैधतेचा कागद आधीच काढून ठेवा. राखीव जागा आणि फीची सवलत कागदावाचून मिळत नाही. प्रवेश सुरू झाल्यावर दाखल्यासाठी धावाधाव केली, तर तारीख निघून जाते.

आपल्या आधी गेलेल्या बायका

आजीने विचारले होते, लोक काय म्हणतील? हा प्रश्न फार जुना आहे.

मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत परिचारिकेचे शिक्षण घेण्यास गेल्या. हे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांचे नाव घेतात. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावावा, ही कल्पनाही लोकांना सोसत नव्हती.

पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन संस्था निघाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे तिच्या प्रमुख होत्या. विधवा आणि गरजू बायकांनी शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, यासाठी ती संस्था होती. तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकू लागल्या. लोकांनी नावे ठेवली. पण घरात आजार आला, तेव्हा त्याच लोकांनी त्यांना बोलावले. हळूहळू नावे ठेवणारे थकले. शिकणाऱ्या थकल्या नाहीत.

म्हणून आजच्या मुलीला वाट नवी पाडायची नाही. वाट पडलेली आहे. ती नीट पाहून चालायचे आहे.

लक्षात ठेवा

लहान पायरीची लाज नको. उपकेंद्रातली सिस्टर नसेल, तर डहाणूच्या रुग्णालयातली सिस्टर कितीही शिकलेली असो, पाड्यावरच्या आईपर्यंत पोचेलच असे नाही. दोघींची गरज आहे.

पण पायरी खरी असावी. खऱ्या पायरीवर पाय ठेवला, तर पुढची पायरी आज ना उद्या चढता येते. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, मुले मोठी झाल्यावरही. खोट्या पायरीवर पाय ठेवला, तर पाऊल आणि पैसा दोन्ही जातात.

ऐपत असेल, जागा मिळत असेल, तर सरळ जीएनएमला जा. नसेल, तर एएनएम करा, नाव नोंदवा, कमवा आणि पुढे शिका. खलाशाने तांडेल होण्याचा विचार सोडू नये.

नवे शब्द

परिचारिका – रोग्याची शुश्रूषा करणारी, शिकलेली बाई.
प्रसाविका – शिकलेली सुईण.
नोंदणी – सरकारमान्य वहीत नाव लिहिणे.
मान्यता – सरकारने किंवा परिषदेने दिलेली मंजुरी.
उपकेंद्र – गावाजवळचे सर्वांत लहान आरोग्य केंद्र.

उत्तरे द्या

१. मदतनीस, सहायक परिचारिका आणि परिचारिका यांत फरक काय?
२. १९४६ च्या अहवालात किती माणसांमागे एक परिचारिका होती?
३. एएनएमची दोन वर्षे जीएनएममधून वजा होतात काय?
४. एक मुलगी १९ व्या वर्षी एएनएमला गेली. पास झाल्यावर तिने चार वर्षे नोकरी केली. मग ती जीएनएमला गेली. ती परिचारिका झाली, तेव्हा तिचे वय किती?
५. फी भरण्याआधी कोणते चार प्रश्न विचाराल?

करून पाहा

तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला भेटा. त्यांनी शिक्षण कुठे घेतले, किती वर्षे घेतले, पुढे काय शिकायचे आहे, हे विचारा. त्या सांगतील ते पाच ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.